पाड्यावरचे निळे ड्रम

ती घटना विसरीन म्हटलं तरी आमचं स्वयंपाकघर विसरू देत नाही. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, असा मी घरात दंडक घालून ठेवलाय आणि त्यावरून सौभाग्यवतींचं नि माझं आजही वाजतं. "निवृत्त झालात ना? मग माझ्या कढईचा तरी चार्ज सोडा," असं ती म्हणते. मी सोडत नाही. त्याच्यामागे जव्हार-मोखाड्याकडची एक केस आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घरच्याच माणसांनी घरच्यांचे काढलेले काटे पाहिले. ज्या केसबद्दल कुणाकुणाचे आभार मानावेसे वाटतात अशी केस मात्र क्वचितच वाट्याला आली. म्हणून ती लिहून ठेवतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

निवृत्ती जवळ आली होती आणि मी त्या डोंगरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या ठाण्यासारखी तिथे फिर्यादींची रीघ नसते. सकाळची हजेरी, स्टेशन डायरी, बाजाराच्या दिवशी बंदोबस्त, घाटात घसरलेल्या मोटरसायकली, हातभट्टीवरचे छापे, असा दिनक्रम. पाड्यावरची माणसं आपण होऊन ठाण्यात येत नाहीत. आलीच तर आवारातल्या झाडाखाली बसून राहतात आणि कुणी विचारेपर्यंत तोंड उघडत नाहीत. नवीन शिपायाला मी पहिल्याच दिवशी सांगत असे, झाडाखाली कोण बसलंय ते आधी बघ, मग टेबलावरचे कागद बघ.

पौषातली थंडी होती. दिवेलागणीला पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पोलीस पाटलाचा फोन आला. एका पाड्यावर सोयरीक पक्की झाल्याचं जेवण होतं आणि जेवलेली माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. मी जीप काढली, रुग्णवाहिकेला कळवलं, आणि वाटेत दिसली ती खासगी वाहनंही थांबवून पाड्याकडे वळवली. जव्हारच्या रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा व्हरांड्यात सतरंज्या पसरल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी आणि परिचारिकांनी जे धावपळ करून निभावलं त्याला तोड नाही. बहुतेक लोक सकाळपर्यंत सावरले. नवरीच्या बापाचं मात्र खरं नव्हतं. अंगातलं पाणी पार गेलेलं, लघवी बंद. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून काही सांगता येत नाही. तो गेला असता तर केस विषबाधेवर थांबणार नव्हती, सदोष मनुष्यवधावर गेली असती.

जेवणात भात, उडदाची डाळ आणि वडे होते. भात-डाळ खाऊन उठलेली म्हातारी माणसं ठणठणीत होती. वडे खाल्लेलेच पडले होते. म्हणजे बोट तेलाकडे गेलं, आणि तेल म्हणजे तेलवाला.

इथे थोडं सांगायला हवं. त्या डोंगरात अजूनही घरोघरी मोहाच्या बियांचं तेल खातात. बियांना मोहट्या म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडाला बायका त्या वेचतात, फोडतात, वाळवतात आणि घाण्यावर नेऊन तेल काढून आणतात. घाणेवाला पैसे घेत नाही, तेल काढल्यावर उरणारी पेंड ठेवून घेतो. हे तेल थंडीत तुपासारखं गोठतं आणि मुळात कडवट असतं, म्हणून वापरण्याआधी कांदा टाकून कढवतात. पाड्यावरच्या बाईला यात काही नवल नाही. मला होतं, पण तिथे राहून मीही ते खायला शिकलो.

त्या पाड्याचं तेल जव्हारच्या एका जुन्या घाण्यावरून आलं होतं. घाणा चालवणारा मुसलमान गृहस्थ, साठी ओलांडलेला. सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. घाणा बापाच्या वेळचा, पूर्वी बैलावर फिरणारा, आता विजेवर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोबाइलवर कुणाचा तरी रेकॉर्ड केलेला आवाज फिरू लागला की घाण्याच्या तेलात विष होतं. त्या आवाजात तेलापेक्षा तेलवाल्याच्या धर्माचीच चर्चा जास्त होती. बोलणारा पाड्यावरचा नव्हताच, पाड्याची बोलीही त्याला येत नव्हती. असल्या उपटसुंभांना आयतं निमित्त लागतं. त्यातून बाजाराचा दिवस. घाण्यापुढे माणसं जमायला लागली आणि त्यातल्या दोघाचौघांच्या हातात काठ्या दिसल्या.

मी गेलो आणि चाचांना जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं. लोकांना वाटलं अटक झाली. मी वाटू दिलं, त्यामुळे गर्दी पांगली. वातावरण निवेपर्यंत त्यांना ठाण्यातच ठेवणं सुरक्षित होतं. चाचा अंमलदाराच्या खोलीत बाकावर बसले. पाणी दिलं ते प्यायले, चहा नको म्हणाले. अन्न निरीक्षक नमुने घेऊन गेले होते आणि अहवाल येईपर्यंत घाणा बंद ठेवणं भाग होतं. तसं मी त्यांना सांगितलं. तोवर शांत बसलेला तो माणूस तेव्हा प्रथमच हलला.

"साहेब, मला आत टाका, माझी ना नाही," ते म्हणाले. "पण घाण्याला सील ठोकू नका. मी उद्या सुटेन. घाण्यावरचं सील लोकांच्या डोक्यातून सुटत नाही."

बोलणं शंभर टक्के खरं होतं, तरी नियम नियम होता. सील लावलं. चाचांनी घाण्याची किल्ली माझ्या हातात दिली. या डोंगरात तेलवाल्याचं नाव एकदा खराब झालं की संपलंच. त्याच्याकडे ना जाहिरात, ना दुसरं गिऱ्हाईक. त्याच्याकडे फक्त पाड्यांचा भरवसा.

वरून फोन येत होते. स्थानिक पुढाऱ्यांचे आले ते मी ऐकून घेतले. आमच्या उपविभागीय अधिकाऱ्यांचा आला तेव्हा म्हटलं, साहेब, घाईने अटक दाखवली तर केस सुटल्यासारखी दिसेल, सुटणार नाही. मला थोडी मुदत द्या. त्यांनी वाद घातला नाही. "मुदत घ्या, पण त्या म्हाताऱ्याच्या केसाला धक्का लागता कामा नये," एवढंच म्हणाले. असा वरिष्ठ लाभणं हे हाताखालच्या माणसाचं भाग्य असतं. ते आता बदलून लांब गेलेत, पण दिवाळीला मी त्यांना न चुकता फोन करतो.

चाचांनी आपल्या बचावात एकच गोष्ट सांगितली. त्याच सुमारास आणखी पाड्यांचं तेल निघालं होतं, ती माणसं कशी आहेत ते बघा. मी माणसं पाठवली. साखरशेतकडची घरं पाहिली, खोडाळ्याकडची पाहिली. सगळीकडे तेच तेल रोज खाण्यात होतं आणि कुणाला साधी मळमळसुद्धा नव्हती. म्हणजे जे काही झालं ते तेल घाण्यावरून निघाल्यानंतर, पाड्यावर झालं होतं. हे मला पटलं. पण मला पटून काय उपयोग, बाजाराला पटायला हवं होतं.

दोन पंच आणि आमच्या महिला हवालदार यांना घेऊन मी पुन्हा पाड्यावर गेलो. या हवालदार त्याच तालुक्यातल्या, पाड्याची बोली त्यांच्या घरचीच. नवरीच्या घराचा पंचनामा केला. चूल, कढई, डबे, उरलेलं पीठ, सगळं नोंदवून घेतलं. तेलाची कासंडी रिकामी होती आणि घासून ठेवलेली होती. हाती काही लागलं नाही. उन्हं डोक्यावर आली, हात राखेने माखले होते, म्हणून दाराशी ठेवलेल्या निळ्या ड्रममधून तांब्या भरून हात धुवायला बसलो. तांब्या हातातून सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. हात धुवावेत तो अधिकच ओशट. ड्रममध्ये डोकावलो तर पाण्यावर पातळ तवंग होता. आतल्या कडेला बोट फिरवून नाकाशी नेलं, तर शिळ्या तळणीचा नि गटाराचा मिळून एक वास आला. मोहाच्या तेलाचा वास मला ओळखता येत होता. हा तो नव्हता.

तसे ड्रम पाड्यावर आणखी दोन-तीन घरांपुढे होते. प्रत्येकावर तांबड्या ऑइलपेंटचा जाडसर पट्टा. विचारलं, कुठून आणले? कुणी बोलेना. एक म्हणाला बाजारातून. कुठल्या दुकानातून? पुन्हा गप्प. शहरातला अधिकारी असता तर म्हणाला असता, गप्प बसतात म्हणजे चोर आहेत. पण त्या भागातलं गप्प बसणं मी ओळखून होतो. तिथे माणूस भीतीने गप्प बसतो, लाजेने बसतो, आणि दुसऱ्याची अब्रू राखायलाही बसतो. हवालदारबाईंनी माझ्या कानात सांगितलं की यांना वाटतंय ड्रम चोरल्याचा गुन्हा लागेल. जळणाची मोळी आणली तरी दंड भरायची सवय झालेली माणसं ती. मग मी मोठ्याने सांगितलं की ड्रमबद्दल कुणावर काही होणार नाही, हा माझा शब्द. तरी कुणी बोललं नाही.

निघताना नवरीची आत्या जीपपाशी आली. बाई पन्नाशीची, विधवा, भावाच्या घरी राहणारी. सगळ्या जेवणाचा रगाडा तिनेच उपसला होता. तिने भावाची चौकशी केली. अजून धोका आहे, असं मी सांगितलं. मग तिने हवालदारबाईंना हळूच विचारलं की तेलवाल्याला बांधलाय का. बाईंनी खरं ते सांगितलं, की चाचा ठाण्यात बसलेत आणि घाण्याला सील आहे. ती मान खाली घालून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आटोपून बाहेर आलो तर ती आमच्या झाडाखाली बसलेली. पाड्यावरून पायी आली होती. मी तिला आत घेतलं, हवालदारबाईंना शेजारी बसवलं, बाकीच्यांना बाहेर काढलं. चाचा पलीकडच्या खोलीत होते, ते तिला दाराच्या फटीतून दिसत होते. प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

"साहेब, तेलवाल्याला सोड," ती म्हणाली. "तेल मीच घातला."

पुढचं तिने थांबत थांबत सांगितलं. खोडाळ्याच्या रस्त्यावर एक टेम्पोवाला बायकांना ड्रम देत असे, फुकट. आतलं फेकून द्या, ड्रम तुम्हाला, असं तो हिंदीत सांगायचा. झाकणाचा ड्रम म्हणजे पाड्यावर घबाड. उन्हाळ्यात पाणी लांबून आणायचं ते साठवायला दुसरं आहे काय? आत्याने आणि दोघीतिघींनी एकेक घेतला. पहाटेच्या थंडीत तिने आपला उघडला, तर वरती पांढरट पिवळा थर गच्च गोठलेला. तिने जन्मभर पाहिलेलं मोहाचं तेल हिवाळ्यात हुबेहूब तसंच दिसतं. खाली काळं पाणी होतं, ते तिने ओढ्यापासून दूर नेऊन ओतलं. पण वरचं? त्या वर्षी मोह कमी आला होता, घाण्यावरचं तेल पाहुण्यांच्या वड्यांना पुरणार नव्हतं, आणि तेल फेकायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या पाड्यावर कुणीच कधी फेकलेलं नाही. वास येत होता, पण वास तर मोहाच्या तेलालाही येतो. तिने ते खरवडून घेतलं, कांदा टाकून कढवलं, वास मोडला, आणि घाण्याच्या तेलात मिसळलं. बोटभर चाटूनही पाहिलं होतं. काही झालं नाही. जेवणाच्या दिवशी ती वाढायला होती, तिच्या वाट्याला वडा उरलाच नाही.

"सगळी पडली नि मी उभी राहिली," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं.

मी तिला विचारलं, बाई, तुझ्यावर कुणाचा संशय नव्हता, मग कशाला सांगायला आलीस?

"भाऊ माझा हाय. तो मेला तर माझा देव मला बघील," ती म्हणाली. "पण ह्या म्हाताऱ्यानं काय केला? ह्याच्या बापानं माझ्या बापाचा तेल काढलाय. मला भय वाटला म्हणून ह्याला कसा बांधून ठेवू?"

मी आयुष्यभर कबुलीजबाब घेतले. कुणी दरडावल्यावर बोललं, कुणी पुराव्यापुढे वाकलं, कुणी साथीदाराचा सूड म्हणून. दुसऱ्याची सुटका व्हावी म्हणून पायी चालत आलेला जबाब माझ्या टेबलावर हा एकच. हवालदारबाईंनी तिला पाणी दिलं आणि जबाब लिहून घेतला. एरवी त्यांचं अक्षर देखणं, त्या दिवशी वाकडंतिकडं आलं.

चाचांना त्याच दुपारी बंदोबस्तात घरी पोचवलं. आता टेम्पो. खोडाळ्याच्या रस्त्यावर नाकाबंदी लावली आणि पुढच्याच बाजाराच्या दिवशी तो सापडला. मागे तसेच निळे ड्रम, तसाच तांबडा पट्टा. चालक परप्रांतातला, बोलायला मिठ्ठास. ड्रम रिकामे असतात, धुतलेले असतात, गरीब लोकांना द्यायचं पुण्य करतो, असं तो सांगू लागला. मी वाद घातला नाही. त्याच्या एका ड्रममधला वरचा थर पंचांसमक्ष काढून सील केलाच होता. त्यातला थोडा वेगळा घेऊन हवालदारबाईंना म्हटलं, मागच्या आवारात चूल पेटवा आणि यात दोन वडे काढा. वडे प्लेटमध्ये घालून त्याच्यापुढे ठेवले. गरमागरम, दिसायला झकास.

"घ्या, सकाळपासून उपाशी असाल," मी म्हटलं.

त्याने हात पुढे केला. मग त्याची नजर चुलीशेजारच्या डब्याकडे गेली आणि हात जागच्या जागी थांबला. मी प्लेट जरा पुढे सरकवली. मी काही त्याला खाऊ देणार नव्हतो, पण ते त्याला कुठे माहीत होतं?

"साहब, ये नहीं खा सकते," तो म्हणाला. "ये तो गटर का है."

आमच्या शिपायांना हसू आवरेना. मीही हसलो असतो, पण रुग्णालयातला तो माणूस डोळ्यांपुढे होता. रिकाम्या, धुतलेल्या ड्रममध्ये काय आहे हे याला पक्कं ठाऊक होतं. एकदा तोंड उघडल्यावर त्याने घडाघडा सगळं सांगितलं आणि ड्रम जिथून भरून निघायचे त्या स्वयंपाकघरापाशी आम्हाला थेट नेऊन उभं केलं.

ते एका खासगी कंत्राटदाराचं मोठं स्वयंपाकघर होतं. आसपासच्या पर्यटन निवासांना आणि लांबच्या कारखान्यांच्या कँटीनना तिथून जेवण जायचं. आत माणूस उभा राहील एवढाली पातेली, दिवसभर चालणाऱ्या तळणीच्या कढया, फरशी आरशासारखी. व्यवस्थापक तरुण, शिकलेला, अदबशीर. त्याने मला सगळं फिरून दाखवलं आणि मी शिकून घेतलं. ताटं-भांडी धुतली की पाण्याबरोबर चरबी वाहते. गरम असते तोवर पातळ, गार झाली की नळीत गोठते आणि नळी गच्च करून टाकते. म्हणून सांडपाणी आधी एका टाकीतून नेतात. टाकीत पाणी थबकतं, चरबी वर तरंगते, खालचं पाणी पुढे जातं. वरची साय वेळोवेळी उपसावी लागते. ती आणि तळून तळून काळं पडलेलं तेल हे दोन्ही परवानाधारक माणसाकडे द्यायचं, त्याने ते लांबच्या कारखान्यात पोचवायचं. तेलाला मागणी असते. सायीला कुत्रं विचारत नाही.

इथे ती साय घाण उचलणाऱ्या एका ठेकेदाराकडे दिली जात होती, ठेकेदाराने टेम्पोवाल्याकडे दिली होती, आणि टेम्पोवाल्याने घाट उतरून लांब जाण्याचा त्रास वाचवून पाड्यावरच्या बायकांकडे. प्रत्येकाने आपल्या हातातली घाण पुढच्याच्या हातात दिली. शेवटचा हात त्या आत्याचा.

मागच्या अंगणात निळे ड्रम रांगेत उभे होते. त्यांच्यावरच्या तांबड्या पट्ट्याचा अर्थ मी विचारला. व्यवस्थापक जरा अभिमानानेच म्हणाला, आमच्याकडे शिस्त आहे, हा पट्टा म्हणजे यातलं अन्नाला लावायचं नाही. मी म्हटलं, हे पाड्यावर कुणी सांगितलं? तो म्हणाला, साहेब, गेटबाहेर गेलं की आमची जबाबदारी संपते.

माझं डोकं फिरलं. आवाज चढवायचा नाही असं मी ठरवून गेलो होतो, तरी चढला. मी त्याला तिथल्या तिथे जीपमध्ये बसवलं आणि रुग्णालयात नेऊन नवरीच्या बापाच्या खाटेपाशी उभं केलं. बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर बसला. नंतर साक्षीत त्याने काहीही लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. गुन्हा ठेकेदारावर, चालकावर आणि स्वयंपाकघराच्या मालकावर नोंदवला. नमुन्यांच्या अहवालाने घाण्याचं तेल शुद्ध ठरवलं आणि ड्रममधलं काय होतं ते उघड केलं. आत्यालाही आरोपी करा, असा एक सूर निघाला होता. मी सरकारी वकिलांशी बोललो, सगळी कहाणी सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ती साक्षीदार, दुसरं काही नाही. दोषारोपपत्र तसंच गेलं.

नवरीचा बाप वाचला. लघवी सुटली त्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला फोन करून ही बातमी दिली आणि ठाण्यात आम्ही पेढे वाटले. लघवी सुटली म्हणून पेढे वाटणारं महाराष्ट्रातलं ते एकमेव ठाणं असावं.

चाचांना मी स्वतः सगळं सांगितलं. कुणी, कसं, का. ते ऐकत राहिले. त्यांच्या जागी मी असतो तर दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. त्यांनी विचारलं ते एवढंच, की तिचा भाऊ बरा आहे ना. मग मी त्यांची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सील माझ्या हातांनी काढलं.

पण ते म्हणाले होते तसंच झालं. फिरलेला आवाज सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होता, खरी गोष्ट कुणाच्याच नव्हती. दुसऱ्या पाड्यांचे लोक शंकेने येईनात आणि या पाड्याचे लाजेने. मी ग्रामसभांत जाऊन बोललो, बाजारात ध्वनिक्षेपक लावून सांगितलं. लोक माना डोलावत आणि पिशवीतलं तेल दुकानातून घेऊन जात. त्यातच मी निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमाला चाचा आले होते. घाणा कसा चाललाय हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

या केसने मला शिकवलं ते थोडक्यात सांगतो. आपण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी दारी जाते, आणि बहुतेक वेळा ज्याला नकार देता येत नाही त्याच्या दारी जाते. आणि दुसरं म्हणजे, तपास आम्ही करतो असं आम्हाला वाटतं. खरं तर कुणीतरी भलं माणूस खरं बोलायचं ठरवतं तेव्हा तपास लागतो. त्या आत्याचे, चाचांचे, डॉक्टरबाईंचे, माझ्या हवालदारबाईंचे उपकार मी मानतो. त्यांच्यामुळे नोकरीचा शेवट मनासारखा झाला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यानंतर काही कामाने जव्हारला गेलो होतो. पाय आपोआप घाण्याकडे वळले. चाचा दारात बसले होते, मशीन बंद. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात रस्त्यावरून डोक्यावर पोती घेतलेल्या बायका येताना दिसल्या. पुढे ती आत्या, तिच्यामागे तिची भावजय, लग्न झालेली ती भाची, आणि मागे जवळजवळ सगळा पाडा. आत्याने पोतं चाचांच्या पुढ्यात उतरवलं. वर पाहिलं नाही.

"पेंड तुझी," ती म्हणाली. "तेल सांजचा नेईन."

एवढं बोलून ती बाजाराकडे चालू लागली. बाकीच्यांनीही आपापली पोती तिच्या पोत्याशेजारी ठेवली आणि तिच्यामागे गेल्या. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. चाचा मात्र उभे राहिले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. घाण्याची रीतच आहे की ज्याच्या मोहट्या त्याने तेल निघेपर्यंत घाण्यापाशी बसायचं. आपल्या बिया आपल्या डोळ्यांदेखत आत जायला हव्यात, आपलंच तेल आपल्या भांड्यात पडायला हवं. भांडण नको, संशय नको. त्यांच्या बापाच्या वेळेपासून पोतं ठेवून कुणी उठून गेलेलं नाही. सख्खे शेजारीसुद्धा नाहीत.

चाचांनी डोळे पुसले, मशीन सुरू केलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही बसा त्यांच्या जागी. कुणीतरी बसायला पाहिजे."

माझी परतीची एसटी दुपारची होती. ती जाऊ दिली आणि सगळ्यांचं तेल निघेपर्यंत पोत्यांपाशी बसून राहिलो.